पाऊस तीन हजार मिलिमीटर, तरी मे महिन्यात टँकर : पेण-रोह्याच्या पाण्याचा हिशेब

पनवेलहून कोकणाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेण, कासू, नागोठणे अशी स्थानके मागे टाकली की रोह्याच्या आधी लागते ते निडी. पेण ते रोहे हा पट्टा तीन नद्यांचा आहे. पेणजवळून भोगावती, नागोठण्याजवळून अंबा आणि रोह्यातून कुंडलिका वाहते. भोगावती आणि अंबा धरमतरच्या खाडीला मिळतात, कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला. वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस या जिल्ह्यात पडतो. मराठवाड्यातील अनेक तालुक्यांना चार वर्षांत मिळणारे पाणी येथे एका पावसाळ्यात कोसळते. असे असूनही मार्च उजाडला की याच पट्ट्यातील खारेपाटातील गावे आणि डोंगरउतारावरील वाड्या टँकरची वाट पाहू लागतात, आणि शहरांतही पाण्याच्या वेळांवरून कुरबुरी सुरू होतात.

या विसंगतीचे खापर बहुधा निसर्गावर किंवा नागरिकांच्या उधळपट्टीवर फोडले जाते. प्रत्यक्षात छोट्या शहराच्या पाणीटंचाईचे मूळ पाऊस आणि नळ यांच्या मधल्या वाटेत असते. या वाटेवर किती पाणी शिरले, किती पोहोचले आणि किती वाटेतच जिरले, हे मोजण्याची सोय बहुतेक नगरपरिषदांकडे नसते. जे मोजलेलेच नाही ते वाचवा असे सांगणारे फलक चौकाचौकांत लागतात, आणि त्याच चौकातील गच्चीवरची टाकी भरून वाहत असते.

पाणी येते कोठून?

पेण शहराची मदार हेटवणे धरणावर आहे. भोगावती नदीवर बांधलेल्या या मध्यम प्रकल्पाचा उपयुक्त साठा सुमारे १४५ दशलक्ष घनमीटर आहे. मूळ हेतू होता पेण तालुक्यातील शेतीचे सिंचन. मात्र, या धरणाचे पाणी सिडकोने नवी मुंबईच्या वाढत्या वसाहतींसाठी घेतले. जिते येथील जलशुद्धीकरण केंद्रातून ते खारघर, उलवे, द्रोणागिरी या भागांकडे जाते. दररोज १५० दशलक्ष लिटरची ही योजना २७० दशलक्ष लिटरपर्यंत वाढविण्याचे कामही सिडकोने हाती घेतले. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या तालुक्यातून मोठ्या व्यासाची जलवाहिनी जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या काही गावांत हंड्यांच्या रांगा लागतात, हे दृश्य पेणकरांच्या परिचयाचे आहे.

या पाण्यावरून झालेला संघर्ष राज्याच्या राजकारणात गाजला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण तालुक्यातील जमिनी घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हेटवणेच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचा मुख्य मुद्दा पाण्याचाच होता. धरण आमच्या शेतीसाठी बांधले, कालव्याचे पाणी शेतात येण्याआधीच जमीन कशी मागता, असा त्यांचा सवाल होता. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत शासनाने सार्वमत घेतले. विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर शासनाने असा कौल घेण्याचा प्रसंग देशात विरळाच. प्रकल्प पुढे बारगळला, पण धरणातील पाणी कोणाचे हा प्रश्न मिटला नाही.

रोह्याची कथा वेगळी, आणि एका अर्थाने अधिक चमत्कारिक आहे. कुंडलिकेच्या एका काठावर रोहे आणि दुसऱ्या काठावर अष्टमी वसले आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या कोकणातील बहुतेक नद्या मार्च-एप्रिलमध्ये डबक्यांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यातही वाहते, इतकी की कोलाडजवळ पर्यटक तिच्या प्रवाहात होड्या सोडतात. हे पाणी कोकणातल्या पावसाचे नव्हे. घाटमाथ्यावर मुळा नदी अडवून टाटांनी बांधलेल्या मुळशी धरणाचे पाणी नळांतून घाटाखाली भिरा येथे येते, तेथील वीजगृहातील जनित्रे फिरविते आणि मग कुंडलिकेत सोडले जाते. भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली १९२७ मध्ये. त्यासाठी बुडालेल्या मावळातील गावांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून जो सत्याग्रह केला, तो मुळशी सत्याग्रह म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. त्याच पाण्यावर शंभर वर्षांनंतर डोलवहाळ बंधाऱ्याचे कालवे, धाटावची औद्योगिक वसाहत आणि रोहे शहर अवलंबून आहे.

याचा अर्थ असा की रोह्याच्या नळाला उन्हाळ्यात येणारे पाणी हे वीजनिर्मितीचे उपउत्पादन आहे. वीजगृह किती तास चालते, यावर नदीची पातळी ठरते. शिवाय मुळशीचे पाणी मूळचे कृष्णा खोऱ्याच्या भीमा उपखोऱ्यातील. ते पश्चिमेला वळविण्याऐवजी पुणे व सोलापूर जिल्ह्यांकडे सोडावे, ही मागणी अनेक वर्षे होत आली आहे. घाटावरच्या दुष्काळी तालुक्यांच्या दृष्टीने ती गैर म्हणता येणार नाही. परंतु उद्या त्यातील काही हिस्सा जरी पूर्वेकडे वळला, तरी कुंडलिकेचा उन्हाळी प्रवाह घटेल आणि त्याचा पहिला फटका नदीकाठच्या पाणीयोजनांना बसेल. बारमाही नदी ही रोह्याची मालमत्ता नाही, ती एक सवलत आहे; आणि सवलतीवर जगणाऱ्या शहराने तरी आपला हिशेब चोख ठेवायला हवा.

त्यातच नदीच्या गुणवत्तेचा प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ५३ पट्टे होते आणि त्यांत कुंडलिकेचा समावेश होता. नदीत पाणी आहे म्हणजे शहराला पाणी आहे, असे समीकरण मांडता येत नाही.

गरज किती, उपसा किती

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक नियमपुस्तिकेनुसार भुयारी गटार योजना असलेल्या शहराला माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, गटार योजना नसलेल्या नळयोजनेच्या गावाला ७० लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. २०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या सुमारे ३८ हजार आणि रोहे-अष्टमीची सुमारे २१ हजार होती. त्या लोकसंख्येला १३५ लिटरने गुणले तर पेणला दिवसाला सुमारे ५१ लाख आणि रोह्याला सुमारे २८ लाख लिटर पाणी लागते. त्यानंतर दोन्ही शहरे वाढली आहेत, तेव्हा आजचा आकडा याहून मोठा असणार. पण पद्धत समजून घेण्यासाठी हा पुरेसा आहे.

नळापर्यंत ५१ लाख लिटर पोहोचवायचे तर नदीतून किंवा धरणातून किती उचलावे लागेल? केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवांचे जे मापदंड ठरविले, त्यांत बिनहिशेबी पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. बिनहिशेबी पाणी म्हणजे शुद्ध करून सोडलेले, पण ज्याचे पैसे नगरपरिषदेला मिळत नाहीत ते. त्यात जमिनीखालची गळती येते, चोरून घेतलेल्या जोडण्या येतात आणि नादुरुस्त मीटरही येतात. २० टक्के गळती धरली तर ५१ लाखांसाठी ६४ लाख लिटर उचलावे लागतात. गळती ४० टक्के असेल तर ८५ लाख. दोहोंतील फरक दिवसाला २१ लाख लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे २१० टँकर. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टंचाई कृती आराखड्यात एका गावासाठी एक-दोन टँकर मंजूर करून घेताना सरपंचांना किती खेटे घालावे लागतात, हे आठवले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

हे २१ लाख लिटर फुकट उचलले जात नाही. नदीतळापासून उंच जलकुंभापर्यंतची चढण ५० मीटर धरली आणि पंपाची एकूण कार्यक्षमता ६० टक्के मानली, तर एक हजार लिटर पाण्याला सुमारे पाव युनिट वीज लागते. गळून जाणाऱ्या पाण्यासाठी दिवसाला पाचशे युनिटच्या आसपास वीज खर्च होते. तुरटी, क्लोरिन आणि कर्मचाऱ्यांचा वेळ वेगळाच. ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात पाणीपुरवठ्याचे वीजबिल हा नेहमीच डोकेदुखीचा विषय असतो, आणि त्यातील मोठा वाटा मातीत मुरणाऱ्या पाण्यापायी जातो.

थांबून येणारे पाणी

आपल्याकडील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास येते. यामागचा समज असा की कमी वेळ सोडले म्हणजे कमी खर्च होते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

पाणी ठरावीक वेळीच येणार असेल तर प्रत्येक घर साठवण करते. भूमिगत टाकी, गच्चीवरची टाकी, पिंप, कळशा, सारे भरले जाते. दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की आदल्या दिवशीचे शिळे म्हणून ओतून दिले जाते. कित्येक ठिकाणी नळाला तोटीच नसते. पाणी येईल तेव्हा आपोआप भरावे म्हणून नळ उघडा सोडलेला असतो. ज्यांना परवडते ते थेट जलवाहिनीला मोटर लावून पाणी खेचतात. त्यामुळे वाहिनीच्या टोकावरच्या आणि उंचावरच्या घरांना धार मिळत नाही. तेथील लोक तक्रार करतात, मग पाणी सोडण्याची वेळ वाढते, आणि वाहिनीच्या सुरुवातीची घरे आणखी भरून घेतात. व्हॉल्व्ह फिरविणारा कर्मचारी हा अशा शहरातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होऊन बसतो. कोणत्या आळीला किती मिनिटे, हे कागदावर नसते, त्याच्या हातात असते.

दुसरा धोका आरोग्याचा. वाहिनी रिकामी झाली की तिच्यात पोकळी निर्माण होते, आणि ज्या चिरेतून पाणी बाहेर गळत होते त्याच चिरेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी कितीही निर्मळ असले तरी पहिल्या दहा मिनिटांची धार संशयास्पद ठरते ती यामुळे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले, आणि दूषित पाणीपुरवठ्याचा प्रश्न तेथे ऐरणीवर आला. गळती ही केवळ पाण्याची नासाडी नसते. ती जलवाहिनीला पडलेली खिडकी असते. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरिन असावे असा नियम आहे, आणि त्याची तपासणी जलकुंभाखाली नव्हे, तर शेवटच्या घरात व्हायला हवी.

मलकापूरने काय केले

छोट्या शहराला हे चक्र मोडता येते का, याचे उत्तर सातारा जिल्ह्यात सापडते. कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर असलेले मलकापूर हे २००८ मध्ये नगरपंचायत झाले. २०११ मधील लोकसंख्या तीस हजारांच्या थोडी वर, म्हणजे पेणपेक्षा लहान आणि रोह्यापेक्षा मोठे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने या गावाने कोयना नदीवरील आपल्या योजनेची आखणी चोवीस तास पाणीपुरवठ्याची केली आणि २००९ पासून ती अमलात आली. राज्यातील महानगरे ज्याचे प्रस्ताव तयार करीत होती, ते एका छोट्या गावाने करून दाखविले. त्याची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली, यात नवल नाही.

मलकापूरच्या योजनेत जादू नव्हती. गावाचे लहान लहान विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागात किती पाणी शिरते हे कळेल अशी रचना झाली. वाहिन्यांचा व्यास आणि दाब संगणकावर गणित मांडून ठरविला गेला. प्रत्येक जोडणीला मीटर बसले, आणि तेही दारात न जाता रेडिओ लहरींनी दूरून वाचता येणारे. पाणीपट्टी नळाच्या आकारावर न ठेवता वापरावर आकारली जाऊ लागली, आणि दर चढत्या टप्प्यांचा ठेवला गेला. गरजेपुरते पाणी स्वस्त, त्यापुढचे महाग, चैनीचे त्याहून महाग.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. चोवीस तास पाणी दिले तर लोक दुप्पट वापरणार नाहीत का? अनुभव उलट आहे. नळ उघडला की पाणी मिळणारच याची खात्री पटली की साठवण थांबते. साठवण थांबली की शिळे पाणी ओतणे थांबते. मोटर लावण्याचे कारण उरत नाही. आणि मीटर फिरत असल्यामुळे गळकी तोटी ही ज्याची त्याची चिंता होते. शेजारच्या कर्नाटकात बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, या शहरांच्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास हाच प्रयोग झाला. बेळगावच्या मराठीभाषक वस्त्यांतील कित्येक घरांना नातेवाइकांकडून तो ठाऊक आहे. तेथे मात्र अडचणही दिसली: प्रयोग शहराच्या छोट्या भागापुरता होता, आणि उरलेल्या शहरापर्यंत तो पोहोचण्यास फार वर्षे लागली. काही प्रभागांना अखंड पाणी आणि बाकीच्यांना चार-आठ दिवसांनी एकदा, ही विषमता कोणत्याही नगरसेवकाला झेपणारी नाही. मलकापूर लहान होते आणि त्याने सारे गाव एकदम घेतले, हेच त्याच्या यशाचे कारण म्हणता येईल. लहान असणे हे येथे दुबळेपण ठरले नाही.

अर्थात मलकापूरची नक्कल जशीच्या तशी होत नाही. जुन्या शहरात पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बिडाच्या वाहिन्या अरुंद गल्ल्यांखाली आहेत, त्यांचे नकाशे सेवानिवृत्त फिटरच्या डोक्यात आहेत, आणि त्यावर काँक्रीटचे रस्ते चढले आहेत. सगळे उखडून नवे टाकण्याचा प्रस्ताव कोटींच्या घरात जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत-२ अभियानात सर्व नागरी स्थानिक संस्थांचा समावेश असल्याने निधीची वाट पूर्वीपेक्षा मोकळी झाली आहे. पण निधी आला की नवा जलकुंभ आणि नवी मुख्य वाहिनी आधी होते, कारण ती दिसते, तिचे उद्घाटन होते. गळती शोधण्याच्या कामाला फीत कापता येत नाही.

एका रात्रीची चाचणी

गळती मोजायला दर वेळी महागडी यंत्रेच लागतात असे नाही. नगरपरिषदेचा अभियंता आणि चार कर्मचारी एका रात्रीत पुष्कळ काही सांगू शकतात. त्याची रीत अशी आहे.

एक जलकुंभ आणि त्यावर अवलंबून असलेला एक विभाग निवडायचा. त्या विभागातील रहिवाशांना आदल्या दिवशी कळवायचे की रात्री दोन ते चार या वेळात तोट्या व टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवावेत. जलकुंभ भरून घ्यायचा, भरणारी वाहिनी बंद करायची आणि विभागाला जाणारी वाहिनी उघडी ठेवायची. वाहिन्या भरून दाब स्थिर झाल्यानंतर दर पंधरा मिनिटांनी कुंभातील पातळी पट्टीने मोजायची. पाच लाख लिटरच्या कुंभात पाण्याची उंची चार मीटर असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे १,२५० लिटर जाणे. कोणीही पाणी वापरत नसताना तासाला १२ सेंटिमीटर उतार दिसला, तर ताशी १५ हजार लिटर कोठेतरी जात आहेत. मग एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह क्रमाने बंद करायचा. ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करताच उतार मंदावतो, दोष त्या गल्लीत. तेथे पहाटेच्या शांततेत वाहिनीला लोखंडी कांब लावून कान दिला तरी अनुभवी फिटरला गळतीचा आवाज ऐकू येतो.

अशा चाचणीत एक गोष्ट सहसा दिसते. मुख्य वाहिनी फुटली तर रस्त्यावर कारंजे उडते आणि दोन तासांत दुरुस्ती होते. पाणी खरे जाते ते घरजोडण्यांच्या सांध्यांतून. मुख्य वाहिनीतून घराकडे निघालेली अर्ध्या इंचाची गंजलेली नळी गटारातून ओलांडते, महिनोन्‌महिने झिरपते आणि कोणाच्या नजरेस पडत नाही. ही नळी नियमानुसार घरमालकाची, म्हणून नगरपरिषद हात लावत नाही. घरमालकाला वाटते नळ रस्त्यात गळतो, म्हणजे काम नगरपरिषदेचे. या वादात सगळ्यांचे पाणी जाते. सांध्यापासून मीटरपर्यंतची जबाबदारी नगरपरिषदेने स्वतःकडे घ्यावी आणि खर्च पाणीपट्टीत थोडा थोडा वसूल करावा, असा ठराव सर्वसाधारण सभेत होऊ शकतो. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ नुसार पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्यच आहे.

घराघरांतील बचत

नागरिकांनी काहीच करायचे नाही, असा याचा अर्थ नव्हे. मात्र काय केल्याने किती वाचते, याचे भान हवे. दाढी करताना नळ बंद ठेवण्याचा उपदेश शाळेच्या निबंधातून घरोघर पोहोचला आहे. त्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी शौचकूपाच्या टाकीत जाते. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर आणि अधिक पाणी सोडतात. पाच जणांच्या घरात दिवसाला पंधरा वेळा टाकी ओढली गेली तर दीडशे लिटर तेथेच संपले. दोन बटणांच्या टाकीने, किंवा जुन्या टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवल्यानेसुद्धा, रोजची बचत कोणाच्या लक्षात न येता होते.

गेल्या काही वर्षांत वाढलेली आणखी एक नासाडी म्हणजे पाणी गाळण्याची ‘आरओ’ यंत्रे. क्षार वेगळे करताना ही यंत्रे बरेचसे पाणी मोरीत सोडतात, आणि पेल्याला जेवढे मिळते त्याहून जास्त पाणी अनेकदा वाया जाते. सह्याद्रीतून येणाऱ्या हेटवणे किंवा मुळशीच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. ज्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी विरघळलेले क्षार आहेत, तेथे अशी यंत्रे वापरू नयेत, या दिशेने राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला निर्देश दिले होते. या भागातील नळाच्या पाण्याला निर्जंतुकीकरण पुरते. खाऱ्या विहिरीच्या पाण्याची गोष्ट निराळी.

पावसाच्या पाण्याची साठवण हा कोकणात अजून पुरेसा न वापरलेला मार्ग आहे. पन्नास चौरस मीटरच्या कौलारू वा पत्र्याच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर दीड लाख लिटर पाणी येते. त्यातले २० टक्के वाया गेले असे धरले तरी सव्वा लाखाच्या आसपास उरते. सर्व गरजांसाठी ते साठविणे परवडत नाही. पाच जणांना माणशी ५५ लिटरने चार महिने काढायचे तर ३३ हजार लिटरची टाकी हवी. परंतु फक्त पिण्या-रांधण्यासाठी घरटी दिवसाला ४० लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या काळाला पाच हजार लिटर पुरतात. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यायचे, टाकीला झाकण घट्ट हवे, आणि तोंडाशी जाळी व गाळणी. एवढी पथ्ये पाळली तर हे पाणी टिकते.

शेवटच्या नळाचा प्रश्न

ही छपराची टाकी सर्वांत उपयोगी पडेल ती शहरात नव्हे, पेणच्या पश्चिमेकडील खारेपाटात. वाशी, शिर्की आणि आसपासची गावे समुद्राच्या भरतीपासून बांध घालून राखलेल्या जमिनीवर आहेत. विहीर खणली तर खारे पाणी लागते. कूपनलिकेचा उपयोग नाही. शहापाडा धरणावरील प्रादेशिक योजनेतून या गावांना पाणी येते, पण लांबच लांब वाहिनीच्या टोकावर असल्याने उन्हाळ्यात धार क्षीण होते. वाटेतील जोडण्या, मोटरी आणि गळती यांतून जे उरते ते त्यांचे. शहरातील टोकावरच्या आळीचे जे दुखणे, तेच येथे गावांच्या मापाने दिसते.

पेण शहराने आपली गळती निम्म्याने कमी केली तर वाचलेले पाणी आपोआप शिर्कीला जाईल काय? जाणार नाही. दोन योजनांचे स्रोत वेगळे, वाहिन्या वेगळ्या, आणि हेटवणेतून उचलल्या न गेलेल्या पाण्यावर हक्क सांगण्यास महानगर टपून बसलेले आहे. वाचलेले पाणी कोणाच्या नावावर जमा होणार, हे आधी कागदावर ठरलेले नसेल, तर बचत करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा पाण्याच्या हक्कदारीची भाषा बोलतो. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला दुसरे स्थान होते, ते २०११ मध्ये शेतीला परत मिळाले. पिण्याचे पाणी दोन्ही वेळी पहिलेच होते. परंतु पिण्याचे म्हणजे कोणाच्या पिण्याचे, शंभर किलोमीटरच्या आतल्या कोणत्या नळाचे, याचे उत्तर प्रत्येक धरणाच्या आरक्षणाच्या आदेशात शोधावे लागते.

त्यासाठी लागणारी पहिली गोष्ट अगदी साधी आहे. धरणातून किती उचलले, शुद्धीकरण केंद्रातून किती निघाले, प्रत्येक जलकुंभात किती चढले आणि किती पाण्याचे बिल झाले, हे चार आकडे दरमहा नगरपरिषदेच्या सूचना फलकावर लागायला हवेत. मुख्य वाहिन्यांवर चार मोठे मीटर बसविण्याचा खर्च एका जलकुंभाच्या रंगरंगोटीहून फार अधिक नाही. प्रादेशिक योजनेत प्रत्येक गावाच्या वेशीवर असाच एक मीटर असेल, तर शिर्कीच्या सरपंचांना टंचाई आराखड्याच्या बैठकीत केवळ गाऱ्हाणे मांडावे लागणार नाही. मंजूर किती आणि पोहोचले किती, हे दोन आकडे त्यांना टेबलावर ठेवता येतील. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत हा आराखडा तयार होतो. पहिल्या टप्प्याच्या बैठकीला पावसाळा नुकताच संपलेला असतो, धरणे भरलेली असतात आणि मीटर बसवायला पुढचे तीन महिने हाताशी असतात.